बघू नका, पाय धरा

एपिक्टेटसच्या घरी एकदा चोरी झाली. चोरानं नेला तो लोखंडी दिवा, घरातल्या देवांपाशी ठेवलेला. खिडकीशी खुट्ट झालं, हा खाली धावला, तोवर चोर पसार. पायानं अधू असलेला हा मास्तर ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर, निकोपोलिस गावात तत्त्वज्ञानाची शाळा चालवत असे, आणि चोरीची ही हकिगत त्यानं स्वतःच वर्गात पोरांना सांगितली. जागरण करण्यात चोर माझ्याहून सरस निघाला, असं त्याचं म्हणणं. फक्त दिव्याची किंमत त्यानं अवाच्या सवा मोजली. एका दिव्यापायी तो चोर होऊन बसला. आपण आता मातीचा दिवा आणू, म्हणजे झालं.

एपिक्टेटस वारल्यावर त्याचा मातीचा दिवा कुणा हौशी गिऱ्हाइकानं तीन हजार द्राक्मांना विकत घेतला, असं लूशियन नावाच्या टवाळ लेखकानं लिहून ठेवलं आहे. रात्री त्या उजेडात वाचत बसलं की एपिक्टेटसचं शहाणपण झोपेत आपोआप अंगात उतरेल अशी त्या बापड्याची समजूत असणार, हा टोमणाही लूशियनचाच.

ते दुकान अजून बंद झालेलं नाही. एपिक्टेटसच्याच स्टोइक पंथातल्या मार्कस ऑरेलियसचा संगमरवरी चेहरा आज कॉफीच्या मगावर मिळतो, मोबाइलच्या वॉलपेपरवर मिळतो. रील उघडावं तर दंड फुगवलेला एखादा तरुण बर्फाच्या पाण्यात बसून सांगत असतो की कणखर हो, कुणाची पर्वा करू नकोस, भावना म्हणजे दुबळेपणा. स्टोइक म्हणवणारे हे बहुतेक पुरुषच, आणि बहुधा तिशीच्या आतले. आजारी माणसाची चादर बदलायची वेळ त्यांच्यावर अजून आलेली नसावी. मी डोंबिवलीत राहणारी, रोज लोकलनं फोर्टात जाऊन बँकेत हिशेब तपासणारी बाई. माझी मूळच्या स्टोइक मंडळींशी ओळख झाली ती अल्बर्ट एलिसमुळे. एलिस हा न्यूयॉर्कचा मानसोपचारतज्ज्ञ. आपल्याला त्रास होतो तो घटनेचा कमी आणि घटनेबद्दल आपण मनाशी जे धरून बसतो त्याचा जास्त, या पायावर त्यानं १९५० च्या दशकात आपली उपचारपद्धती उभी केली, आणि हा विचार आपण एपिक्टेटसकडून घेतला हे कधी लपवलं नाही. डॉ. अंजली जोशींची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी वाचून मराठीतल्या पुष्कळांनी त्याचं बोट धरलं, मीही त्यांतलीच. बोट धरून मागं मागं गेलं की माणूस निकोपोलिसच्या वर्गात जाऊन बसतो.

मुळात हा पंथ जन्माला आला तोच एका फुटलेल्या जहाजातून. सायप्रस बेटावरच्या किटिऑन गावचा झेनो हा व्यापारी. जांभळ्या रंगाचा माल घेऊन निघालेलं त्याचं जहाज अथेन्सजवळ बुडालं. तो शहरात आला, एका पुस्तकविक्याच्या दुकानात बसला, तिथं सॉक्रेटिसबद्दल वाचलेलं ऐकलं, आणि असली माणसं कुठं भेटतात म्हणून विचारलं. नेमका समोरून क्रेटिस नावाचा फाटका तत्त्वज्ञ चालला होता. याच्या मागं जा, दुकानदार म्हणाला.

क्रेटिसनं त्याला पहिला धडा दिला तो मसुराच्या आमटीचा. आमटीनं भरलेलं मडकं त्याच्या हाती दिलं आणि भर वस्तीतून घेऊन चल म्हणाला. झेनो लाजला, मडकं लपवू लागला. क्रेटिसनं काठी मारून ते फोडलं. आमटी पायांवरून ओघळते आहे आणि झेनो पळतो आहे, आणि मागून क्रेटिस ओरडतो आहे की पळतोस कशाला, तुझं काही वाईट झालेलं नाही! हा झेनो पुढं इ.स.पू. ३०० च्या सुमाराला अथेन्सच्या बाजारचौकातल्या चित्रांच्या ओसरीवर शिकवू लागला. ग्रीक भाषेत ओसरीला स्टोआ म्हणतात, त्यावरून हे स्टोइक. त्यांची सुरुवातीची पुस्तकं बहुतेक सगळी गेली. क्रिसिपस या एकट्या माणसानं सातशेच्या वर लिहिली होती म्हणतात, त्यांतलं एकही पूर्ण हाती लागलेलं नाही. शाबूत उरले ते मुख्यतः रोमन काळातले तिघे, आणि तिघांच्या पायऱ्या पाहिल्या तर गंमत वाटते: एपिक्टेटस जन्मानं गुलाम, सेनेका सम्राट नीरोचा सल्लागार, मार्कस ऑरेलियस स्वतः सम्राट. एपिक्टेटसनं तर स्वतः काही लिहिलंच नाही. अरायन नावाचा विद्यार्थी वर्गात भराभर टिपणं काढत होता म्हणून आपल्याला तो ऐकू येतो. आठ वह्यांपैकी चार उरल्या.

या टिपणांतून अरायननं पुढं एक छोटी पुस्तिका केली. तिच्यात सार्वजनिक स्नानगृहाबद्दल एक तुकडा आहे, तो मला सगळ्यांत आधी कामाला आला. स्नानाला निघालास की तिथं काय काय चालतं ते आधी नजरेसमोर आण, असं एपिक्टेटस सांगतो. कुणी अंगावर पाणी उडवणार, कुणी धक्का देणार, कुणी तोंड टाकणार, कुणी कपडे लांबवणार. मग आपल्याला दोन गोष्टी साधायच्या आहेत हे मनाशी पक्कं कर: अंघोळ करायची आणि डोकं ठिकाणावर ठेवायचं.

सकाळची फास्ट पकडणाऱ्या बाईला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ओल्या छत्रीचं टोक पोटरीत रुतणार. दारातला ग्रुप हलणार नाही. कुठं उतरणार म्हणून विचारत कुणी सीट धरून ठेवलेली असणार, आणि ती नेमकी आपल्या पुढच्या स्टेशनची निघणार. चौथ्या सीटवर अर्धं टेकलं तरी तिसरीला ते खपणार नाही. हे सगळं घरातून निघतानाच मोजून घेतलं की डब्यात शिरल्यावर त्याचा धक्का बसत नाही. ठरल्याप्रमाणे चाललंय एवढंच वाटतं. लक्षात घ्यायचं ते असं की एपिक्टेटस स्नानाला जाऊ नकोस म्हणत नाही. लोक धक्का देणार नाहीत असा दिलासाही देत नाही. जायचं आहे हे त्यानं धरूनच टाकलं आहे. मगावरच्या स्टोइकात आणि या स्टोइकात फरक आहे तो इथं. मगावरचा म्हणतो, दूर राहा. हा म्हणतो, जा, आणि जाताना डोकं घरी विसरू नकोस.

सेनेकाची गंमत आणखी निराळी. तो एकदा एका हमामाच्या वर राहायला गेला होता आणि खालचा गोंगाट त्यानं मित्राला, लुसिलियसला, पत्रात बारीकसारीक तपशिलांसह कळवला. वजनं उचलणाऱ्यांचं कण्हणं, मालीशवाल्याच्या हाताचा चपाचप आवाज, चेंडू खेळणाऱ्यांची मोजणी, काखेतले केस उपटून देणाऱ्याची किरटी हाळी. आणि ही हाळी बंद पडते ती गिऱ्हाईक किंचाळायला लागल्यावरच. त्यात सॉसेजवाला, केकवाला, ज्याचा त्याचा निराळा सूर. मन शांत असेल तर बाहेरच्या आवाजानं काय बिघडतं, हे सेनेका पानभर पटवून देतो. आणि शेवटी काय करतो? मी इथून लवकरच हलणार आहे, असं लिहून मोकळा होतो! शेजारच्या फ्लॅटमध्ये टाइल्स फोडायचं काम सुरू असताना मी हे पत्र वाचलं आणि मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. आवाज सोसायचा सराव त्यानं केला, पुरेसा झाल्यावर थांबवला. उठून जाणं हातात असेल तर जावं, त्यानं तत्त्वज्ञानाचा भंग होत नाही. तसा तो काही आदर्श पुरुष नव्हता. अफाट श्रीमंत होता आणि गरिबीचे गोडवे गात होता; त्याच्या हयातीतही लोक यावरून त्याला टोचत. पण दिवा मालवल्यावर, बायको गप्प झाल्यावर, दिवसभराचं स्वतःचं बोलणंवागणं तो रोज तपासत असे असं त्यानं लिहिलं आहे. बायकोला ही सवय ठाऊक होती म्हणून ती गप्प राही, एवढी एक बारीक गोष्टही त्यानं नोंदली आहे. त्या अंधारात ती काय तपासत असेल, हे मात्र नोंदलेलं नाही.

इथं या विचाराची दुसरी बाजू बोलायला हवी, कारण ती आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. मनाला लावून घेऊ नकोस, हे वाक्य कुठल्या सुनेनं ऐकलेलं नाही? सासरा काही बोलला, मनाला लावून घेऊ नकोस. नणंदेनं चारचौघांत आहेराची किंमत काढली, मनाला लावून घेऊ नकोस, तिचा स्वभावच तसा आहे. वरवर पाहता हे अगदी एपिक्टेटसचंच: बोलणं तुझ्या हातात नाही, लावून घेणं तुझ्या हातात आहे. फरक एवढाच की हे सांगणारा बहुतेक वेळा तो असतो ज्याला भांडण परवडत नाही, आणि ऐकायचं तिनं असतं जिला बोलायची मुभा नाही. स्टोइकांनीही हा डाग पुरता धुतलेला नाही. गुलामांना माणसासारखं वागवा, त्यांच्याबरोबर जेवा, असं सेनेकानं कळकळीनं लिहिलं. स्वतःचे गुलाम मात्र ठेवले. आतून स्वतंत्र असलेला माणूस साखळीतही स्वतंत्रच, हे साखळी घालणाऱ्याला फार सोयीचं पडतं.

म्हणून मी स्वतःपुरता एक दंडक घालून घेतला आहे. हे औषध आपण आपल्याला द्यायचं, दुसऱ्याला पाजायचं नाही. मार्कस ऑरेलियसची वही या बाबतीत सगळ्यांत प्रामाणिक वाटते. डॅन्यूबच्या काठी छावण्यांतून लढाया चालल्या असताना त्यानं ग्रीकमध्ये लिहिलेली ती टिपणं. हस्तलिखितावर शीर्षक होतं ते स्वतःला उद्देशून अशा अर्थाचं. सकाळी पांघरुणातून उठवत नाही म्हणून साऱ्या रोमचा धनी त्यात स्वतःशीच हुज्जत घालतो. त्यातला 'तू' म्हणजे तो स्वतः. प्रजेला उद्देशून त्यात ओळही नाही.

हा दंडक नीट कळला तो सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा.

न्हाणीघरात पाय सरकला एवढंच निमित्त. ऑपरेशन झालं, खुब्याचा गोळा बदलला, घरी आणलं. पुढचं मात्र वर्षानुवर्षं घरात आजारी माणूस असलेल्यांनाच ठाऊक असतं. एअर बेड, युरिन बॅग, ब्युरोतून बारा तासांच्या ड्युटीवर येणाऱ्या मावशी, पाठीला पावडर, आणि दर दोन तासांनी कूस बदलणं, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यात भूल उतरल्यापासून आई रात्री भलतंच बोलू लागलेल्या. मला त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारायच्या. हाताची सुई ओढून काढायच्या. कधी मध्येच शुद्धीत आल्यासारख्या, मी तुम्हाला फार त्रास देते का गं, म्हणून विचारायच्या.

माझे दीर ठाण्याला राहतात. आईवर त्यांचा जीव, यात शंका घ्यायला जागा नाही. धाकटे म्हणून लहानपणी कडेवर वाढलेले. पैसे मागायच्या आत यायचे. शहाळी, मऊ उशा, परदेशी कंपनीचं मलम, सगळं यायचं. ते स्वतः मात्र दारापर्यंत यायचे. खोलीच्या उंबऱ्याशी उभे राहायचे, डोळे भरून यायचे, आणि म्हणायचे, "वहिनी, मला नाही हो बघवत आईला अशी." मग चहा अर्धा टाकून निघून जायचे.

बघवत नाही. किती घरांत हे ऐकलंय मी, आणि बहुतेक वेळा ऐकणारे मान डोलावतात. मन फार हळवं हो त्याचं, म्हणतात. मला बघवत होतं अशातला भाग नव्हता. पण मुलाला बघवत नाही हे त्याचं प्रेम ठरतं. सुनेला बघवत नाही म्हणायची सोय नसते.

अशाच एका रात्री अरायनच्या टिपणांत मला तो बाप भेटला. कुणी सरकारी अधिकारी एपिक्टेटसला भेटायला आला होता. बायकामुलं आहेत का, कसं चाललंय, अशी विचारपूस झाली. अधिकारी म्हणाला, काय सांगू, माझी लेक आजारी पडली तेव्हा मला तिच्याजवळ थांबवेना. मी घरातून जो पळालो तो ती बरी झाल्याचा निरोप येईपर्यंत परतलो नाही. बरोबर वागलास का, एपिक्टेटस विचारतो. स्वाभाविकच वागलो, अधिकारी म्हणतो. कुठल्याही बापाला असंच होतं.

मग एपिक्टेटस त्याला जे धरतो ते सोडत नाही. तुझ्या लेकीवर तिच्या आईचं प्रेम आहे ना? आहे. मग तिनंही पळायला हवं होतं. दाईचं आहे? आहे. तिनंही. मुलीला सांभाळणाऱ्या गड्याचंही प्रेम आहे, त्यानंही जायला हवं होतं. म्हणजे इतक्या जणांचं प्रेम असलेली पोर, तिच्यावर माया नसलेल्या परक्यांच्या हाती मरू द्यायची? तू आजारी पडलास तर तुझ्या माणसांनी तुझ्यावर असंच प्रेम करावं, तुला एकट्याला टाकून पळावं, असं वाटेल तुला? असल्या प्रेमापायी माणसं जर एकटं सोडून जाणार असतील, तर शत्रूंनीच तुझ्यावर असं प्रेम करावं अशी प्रार्थना कर की!

मी ते पान दोनदा वाचलं. स्टोइक म्हणजे भावना मारणारे अशी ज्यांची समजूत आहे त्यांना हे दाखवायला हवं. एपिक्टेटस त्या बापाला माया कमी कर म्हणत नाही. माया ही माणसाची प्रकृतीच आहे आणि विवेकाशी तिचं भांडण नाही, असं तो आधीच कबूल करून घेतो. पळाला तो मायेनं नव्हे, एवढंच त्याला दाखवून देतो. पळवलं ते मनातल्या एका समजुतीनं: हे बघणं माझ्यानं होणार नाही. त्याच बोलण्यात एपिक्टेटस रोममधल्या एका इसमाचा किस्सा सांगतो. त्याचा आवडता घोडा शर्यतीत पळत असताना हा डोक्यावरून वस्त्र ओढून बसला होता, आणि घोडा अनपेक्षितपणे जिंकला तेव्हा आनंदानं बेशुद्ध पडलेल्या या गृहस्थाला ओल्या स्पंजनं शुद्धीवर आणावं लागलं. सामन्याच्या शेवटच्या षटकात टीव्हीसमोरून उठून स्वयंपाकघरात जाऊन उभे राहणारे आपल्याकडे कमी आहेत का? क्रिकेटमध्ये ते खपून जातं, आपण बघितलं नाही तरी चेंडू टाकला जातोच. आजारपणात खपत नाही, कारण तिथं आपल्याला मैदानात उतरायचं असतं.

त्या गोष्टीत मला आणखी एक खटकलं. आई, दाई, सांभाळणारा गडी हे त्या पोरीजवळ थांबलेच होते. त्यांना निकोपोलिसला कुणी बोलावलं नाही, त्यांना कुणी विचारलं नाही की तुम्ही कसे थांबलात, काय मनाशी धरलंत. पळालेल्या बापाचा संवाद अरायननं टिपून घेतला. थांबलेल्यांचा टिपणारं कुणी नव्हतं. हे खटकणं आजचं आहे असंही म्हणता येत नाही, कारण एपिक्टेटसचाच गुरू मुसोनियस रूफस यानं मुलींना मुलांसारखंच शिक्षण द्यावं, बायकांनीही तत्त्वज्ञान शिकावं, असं त्या काळात सांगितलं होतं. मग त्या सूतकताई टाकून पुरुषांत जाऊन वाद घालत बसतील, असा आक्षेप आला. बाईनं काम टाकून नुसतं बोलत बसावं असं मी म्हणत नाही, मुसोनियस म्हणाला. पण पुरुषानंही तसं बसावं असं मी म्हणत नाही.

आमच्या मावशींनी यातलं काही वाचलेलं नाही आणि त्या बोलतातही काही थोर असं नाही. मालिका बघतात, ब्युरोवाला कमिशन किती कापतो यावर चिडतात, चहात साखर कमी पडली की लगेच सांगतात. पण दोन तास झाले की टीव्हीवर काहीही चाललेलं असो, उठतात.

एपिक्टेटसचं सगळ्यांत कडू वाक्य पचायला मला फार वेळ लागला. मुलाचा मुका घेताना आपण एका मर्त्य जिवाचा मुका घेतो आहोत हे मनाशी म्हणावं, असा त्याचा सल्ला. पहिल्यांदा वाचल्यावर मी पुस्तक मिटलं होतं. मार्कस ऑरेलियसनं हे वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतलं आहे, आणि मार्कसला चौदाएक मुलं झाली होती, त्यांतली बरीचशी लहानपणीच गेली. हे अशुभ बोलणं झालं, असा आक्षेपही त्यानं शेजारीच लिहिला आहे. आणि त्यावर उत्तर असं की कणसं कापली जातात हे म्हणणं अशुभ कसं?

आईंच्या बाबतीत मला त्याचा अर्थ लागला तो अगदी व्यवहारात. सुरुवातीला घरात एकच शब्द चालला होता, पूर्वीसारखं. पूर्वीसारखं चालायला लागतील, पूर्वीसारख्या देवळात जातील. त्या शब्दापायी सगळे हिरमुसलेले; फिजिओ आला की आईंना धाक, गेला की आम्हाला निराशा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, वय पाहता तेवढं होणार नाही. ते ऐकल्यावर रडू आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला आकार आला. आता देऊळ नको, पलंगावरून खुर्चीत. खुर्चीतून खिडकीशी. एवढ्याची खटपट करता येते, आणि जमलं की आनंदही होतो. माणूस कायमचा नाही हे मान्य केल्यानं माया आटत नाही. तिला वेळापत्रक मिळतं.

आणि दीर? त्यांना मी एपिक्टेटस ऐकवला नाही. दंडकच तसा होता; शिवाय ठाण्याहून शहाळी घेऊन आलेल्या माणसाला उंबऱ्यावर उभं करून अशी उलटतपासणी घेणं घरात शोभत नाही. झालं ते वेगळंच. एका संध्याकाळी मावशींची बदली वेळेवर आली नाही, नवरा दौऱ्यावर, आणि कूस बदलायची वेळ टळून गेलेली. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला एकट्यानं वळवता येत नाही. एकानं खांदा आणि कंबर धरायची. दुसऱ्यानं दोन्ही पाय असे धरायचे की मधली उशी निसटणार नाही आणि पाय एकमेकांवर येणार नाहीत, नाहीतर नवा गोळा जागचा सरकायची भीती. दीर नेहमीप्रमाणे उंबऱ्याशी उभे होते. डोळे भरायला लागलेले.

"भाऊजी," मी म्हटलं, "बघू नका. नुसते पाय धरा."

ते आत आले. मान वळवून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत त्यांनी पाय धरले. उशी कुठं ठेवायची ते मी सांगितलं. तीन म्हटल्यावर आम्ही वळवलं. आई कण्हल्या, मग म्हणाल्या, "हात गार आहेत रे तुझे." त्यांनी मान वळवून पहिल्यांदा नीट पाहिलं. लगेच सगळं पालटलं असं मी म्हणणार नाही. अजूनही त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि अजूनही चहा अर्धा राहतो. पण रविवारची एक पाळी आता त्यांची आहे, आणि उशी माझ्यापेक्षा त्यांना चांगली बसवता येते.

मार्कसच्या वहीत सकाळचं म्हणून एक टिपण आहे. आज आपल्याला कृतघ्न, उद्धट, कावेबाज माणसं भेटणार हे तो आधी स्वतःला बजावतो, आणि मग पुढं लिहितो की आपला जन्म एकमेकांच्या साहाय्यासाठी आहे, जसे दोन पाय, दोन हात, पापण्या, वरच्या आणि खालच्या दातांच्या ओळी. पहिला भाग रीलवाले भरपूर सांगतात. दुसरा सांगत नाहीत, कारण तो एकट्या कणखर माणसाच्या चित्रात बसत नाही. मला तर वाटतं की स्टोइकांचा सगळा खटाटोप त्या दुसऱ्या भागासाठी आहे. दिवा गेल्याचं दुःख आवरायचं ते वर्गात वेळेवर जाऊन बसता यावं म्हणून. धक्काबुक्कीनं डोकं फिरू द्यायचं नाही ते स्टेशनावर उतरून कामाला लागता यावं म्हणून. आणि बघवत नाही या समजुतीला आवर घालायचा तो जवळ जाता यावं म्हणून.

आपल्या हातात असतं तरी किती, असं वैतागून लोक म्हणतात, आणि एपिक्टेटसही ते थोडंच आहे असं सांगतो. उंबऱ्यावरून पाहिलं तर ते थोडंच दिसतं. आत गेल्यावर मात्र ते एका माणसाला पुरून उरतं, आणि म्हणूनच पाय धरायला दुसरा लागतो.